दुष्काळाची वाट पाहणारे सर

सरांसमोर "मला वाटलंच होतं" असं म्हणायची सोय नव्हती. कॉलेजात नव्याने लागलेल्या माणसाला हे ठाऊक नसायचं. प्राचार्यांनी राजीनामा दिला, संस्थेच्या निवडणुकीत कुणी आपटलं, नाहीतर नुसतं कॅन्टीनमधलं भजं कच्चं निघालं, की तो बिचारा सहज बोलून जायचा, "मला वाटलंच होतं." स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत शेंगा फोडत बसलेले सर हातातली शेंग तशीच धरून विचारायचे, "मग आधी कावून न्हाई सांगितलं बे?" आम्हा बायकांना 'बे' नसायचं, तेवढी सवलत होती. प्रश्न मात्र तोच.

मी रसायनशास्त्राची, ते समाजशास्त्राचे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. विभाग म्हणजे एकेक खोली, आणि माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून त्यांची खोली. प्रॅक्टिकलच्या दिवशी माझ्याकडचा सडक्या अंड्यासारखा वास त्यांच्या तासाला पोचायचा. मग खिडकीतून आवाज यायचा, "बाई, आमच्या पोरांनी काय पाप केलंय?" सगळं कॉलेज मला मॅडम म्हणायचं. सर एकटे 'बाई' म्हणायचे. आमच्या शाळेतल्या बाईंना म्हणायचो त्या आदराचं ते 'बाई' होतं, हे मला बरंच उशिरा कळलं. तोवर मी मनातल्या मनात चिडत होते.

ते नेकनूरला राहायचे आणि एसटीने यायचे. उन्हाळा असो की हिवाळा, काखेत छत्री. चहाचा कप हातात घेतला की आधी जाहीर करायचे, "आज साखर जास्त हाय." मग घोट. अंदाज बरोबर निघाला तर नुसतं "हं". चुकला की स्वारी खूश. "हरलो! बघा, आज कायतरी नवीन कळलं." हरल्यावर खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे खूश होणं चहापुरतंच होतं हे पुढे कळायचं होतं.

त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर एक फळा होता. इतर विभागांच्या फळ्यांवर सूचना असायच्या. सरांच्या फळ्यावर त्यांचे अंदाज असायचे, खाली लफ्फेदार सही. "संमेलनाला पाहुणे उशिरा येतील व वेळेअभावी भाषण आवरतं घेणार नाहीत." "एसवायच्या वर्गात कापूस वेचणीच्या आठवड्यात मुली गैरहजर, मुलं हजर." असं काहीही. पोरं जाता-येता वाचायची. अंदाज चुकला की सर त्याखाली मोठ्या अक्षरात 'हरला' लिहायचे आणि ते दोन दिवस पुसू द्यायचे नाहीत. शिपायाला तशी ताकीद होती.

ते दिवस आमच्याकडे पीएच.डी.च्या साथीचे होते. पदोन्नती हवी असेल तर प्रबंध हवा, असा नियम झाला आणि चाळिशी गाठलेली माणसं पुन्हा विद्यार्थी झाली. मराठीचे सर, इतिहासाचे सर, मी, सगळेच लागलो. प्रबंध म्हटला की दुसरं प्रकरण ठरलेलं: 'सैद्धांतिक चौकट'. त्यात परदेशी नावांची रांग लावायची. पहिल्या प्रकरणात विषयाचं महत्त्व, दुसऱ्यात ही मोठी माणसं, आणि तिसऱ्या प्रकरणापासून ती माणसं जी गायब व्हायची ती थेट संदर्भसूचीतच भेटायची. सर म्हणायचे, "लग्नात पाहुण्याला फेटा बांधायचा आन जेवायला न्हाई वाढायचं, असं चाललंय तुमचं."

आमच्यापैकी प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी रडवलं आहे. मराठीचे सर ग्रामीण कथेवर काम करत होते. त्यांनी एक सिद्धांत घेतला होता आणि तो प्रत्येक कथेला लागू पडत होता. ते अभिमानाने सांगत होते, "एकही कथा सुटली नाही!" सर म्हणाले, "मग तुमी कथा कावून वाचल्या? नुसतं अनुक्रमणिका बघून लिहायचं होतं की." मराठीचे सर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. इतिहासाच्या सरांनी सांगितलं की आमच्यात सिद्धांतबिद्धांत नसतो, आमच्यात कागद बोलतो. निजामाच्या काळच्या महसुली कागदांचे गठ्ठे त्यांनी धुंडाळले होते. सरांनी विचारलं, "कागद लई असतील. त्यातला कोनता उचलायचा आन कोनता परत ठेवायचा, ते कोन ठरवतं? कागदच?" इतिहासाचे सर हसले आणि म्हणाले, "ते आमच्या नाकाला कळतं." "हां," सर म्हणाले, "मग तेच्यावर लिहा दुसरं प्रकरण. नाकावर."

माझं काम सीताफळाच्या सालीवर होतं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ उदंड, आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइडही उदंड. सालीचा कोळसा करायचा, पाण्यात टाकायचा, किती फ्लोराइड ओढून घेतलं ते मोजायचं. मग आलेले आकडे दोन ठरलेल्या सूत्रांत घालून बघायचे. ज्याची रेघ नीट बसेल ते सूत्र खरं. जगभर असंच करतात. सर एकदा माझा ग्राफ बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "रेघ बसली, हे कळलं. पन कोळसा फ्लोराइडला धरतो कावून, हे कळलं का?" मी म्हटलं, "त्याला वेगळी उपकरणं लागतात, आपल्याकडे नाहीत." ते म्हणाले, "तरी तुमचं बरंय बाई. रेघ न्हाई बसली तर उद्या परत बर्नर पेटवता येतो. आमच्यात पेटवायची सोय न्हाई."

हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं. पण सरांच्या सगळ्या कहाणीचं मूळ तिथे होतं असं मला आता वाटतं. त्यांना आमच्या विषयाचा हेवा वाटायचा. ज्या विषयात आधी सांगता येतं, मग बघता येतं, आणि चुकलं तर चुकलं म्हणता येतं, तेवढाच खरा विषय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. समाजशास्त्राला ते आमच्या पंक्तीला बसवायला निघाले होते. आमची पंक्ती काय लायकीची आहे ते मी रोज आतून बघत होते, पण बाहेरच्याला ती छान दिसते.

त्यांचा स्वतःचा प्रबंध मेंढपाळांवर होता. आष्टीकडची धनगर कुटुंबं दिवाळी झाली की कळप घेऊन खाली उतरतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात. मेंढ्या रात्रभर रानात राहिल्या की लेंडीखत मिळतं, त्याबद्दल शेतकरी ज्वारी देतो, कुठे पैसे देतो. आता, वाटेवर रानं पुष्कळ असतात. कळप कुठल्या रानात वळतो? जो जास्त देईल त्याच्या, असं कुणीही म्हणेल. अर्थशास्त्राचे आमचे सर तसंच म्हणायचे, आणि वर "यात संशोधन कसलं?" हेही म्हणायचे.

सरांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचं मूळ गाव नांदूरघाटच्या बाजूला. तिथे त्यांच्या रानात त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून एकाच घरचा कळप बसत आलेला. लहानपणी सर त्या माणसांबरोबर जेवले होते, त्यांच्या घोड्यावर बसले होते. त्या घरच्या म्हाताऱ्याला ते मामा म्हणायचे. गावात त्यांच्या रानापेक्षा जास्त ज्वारी देणारी रानं होती, तरी मामांचा कळप यांच्याच बांधाला वळायचा. त्यावरून सरांनी आपला सिद्धांत उभा केला: असं जुनं नातं म्हणजे अडचणीसाठी राखलेली जागा. बऱ्या वर्षात माणूस थोडं नुकसान सोसून ते नातं सांभाळतो, कारण वाईट वर्षात तेच कामाला येतं. यावर त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. सुट्ट्या कळपांमागे चालण्यात घालवल्या. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "आमच्या ह्यांच्या अंगाला लग्नाच्या वाढदिवशी पन मेंढरांचा वास."

प्रबंध लिहून जवळजवळ तयार होता. दुसऱ्या कुणी सादर करून टाकला असता. सरांना मात्र तो तसा सादर करायचा नव्हता, कारण सगळं बऱ्या वर्षांतलं होतं. त्यांच्या दृष्टीने खरी परीक्षा अजून व्हायची होती. आणि त्या वर्षी पावसाने दडी मारली. पोळा कोरडा गेला. दसऱ्याच्या सुमारास सरांनी फळा स्वच्छ पुसला आणि लिहिलं: "यंदा कळप जुन्या घरच्या रानांत वळतील. नव्या, जास्त देणाऱ्या रानांत गेले, तर माझा सिद्धांत हरला." खाली सही. स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांना वाचायला जा म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या रानात गेले. मला त्या भागातल्या बोअरच्या पाण्याचे नमुने हवे होते, आणि सरांना साक्षीदार हवा होता. रान उजाड पडलं होतं, पण सरांनी एका कोपऱ्यात कडब्याची गंज राखून ठेवली होती. मामांच्या कळपासाठी. ज्वारीचं पोतंही घरून आणलं होतं. आम्ही बांधावर बसलो. सर त्या दिवशी अंदाज करत नव्हते, शेंगाही खात नव्हते.

दुपार कलताना रस्त्यावर धूळ दिसली. पुढे घोडी, घोडीवर बिऱ्हाड, मागे मेंढ्या. सर उठून उभे राहिले. लहान मुलं पाहुणे आल्यावर दाराशी उभी राहतात तसे. कळप बांधापर्यंत आला. म्हातारे मामा पुढे होते. त्यांनी काठी काखेत घेऊन हात जोडले. "राम राम मालक. आई बरी हाय का?"

"बरी हाय मामा. या की. कडबा राखलाय."

"हाव हाव. दिसतंय." मामांनी कडब्याच्या गंजीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "जरा पुढं जायचंय. उशीर झालाय."

"पुढं कुटं?"

"हितंच. पुढं."

त्यांची सून डोक्यावरचा पदर ओढून घेत पुढे निघाली. मेंढ्या बांधाला तोंड लावायला बघत होत्या, मामांची पोरं त्यांना हाकलत रस्त्यावर ठेवत होती. सगळा कळप आमच्यासमोरून निघून गेला. पुढच्या शिवारात रस्त्याकडेला एका नव्या बागायतदाराचं रान होतं, तिथे तो वळताना आम्हाला दिसला. तो माणूस पैसे देत होता आणि मामांच्या ओळखीचाही नव्हता.

सर मला म्हणाले, "बाई, नमुने घेतले का पान्याचे?" मी हो म्हटलं. मला वाटलं होतं ते आता "हरलो!" म्हणून हसतील. पण हे चहाच्या साखरेचं हरणं नव्हतं. त्यांचा सिद्धांत गेला होता आणि शिवाय त्यांचे मामा त्यांच्या दारावरून निघून गेले होते. दोन्हीतलं काय जास्त लागलं ते मी विचारू शकले नाही, अजूनही सांगू शकत नाही.

त्यानंतर सर इतर कळपांमागेही फिरून आले. बहुतेक ठिकाणी तेच. जुन्या घरची रानं रिकामी. कारण विचारलं तर कुणी म्हणे पाणी तिकडं आहे, कुणी म्हणे रस्ता सोयीचा, कुणी म्हणे असंच. मग एका सोमवारी सकाळी आम्ही कॉलेजात आलो तेव्हा फळ्यावर 'हरला' लिहिलेलं होतं. सरांचं अक्षर नेहमी सुंदर असायचं, त्या दिवशीही होतं.

मग स्टाफरूममध्ये जे झालं ते मी विसरणार नाही. सगळ्यांनी मिळून एका माणसाला समजवायचं, असं आमच्या स्टाफरूममध्ये ना आधी झालं ना नंतर. नोंदणीची मुदत संपत आली होती. आता सादर केला नाही तर प्रबंध बाद, आणि प्रबंध बाद म्हणजे पदोन्नती बाद. सुरुवात सरांच्याच एका विद्यार्थ्याने केली. तो तेव्हा आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवत होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही हरला नाहीत. मामा आले नाहीत ते नातं नाही म्हणून नव्हे, नातं आहे म्हणूनच. दुष्काळात जुन्या घरी कळप नेला तर त्याला नाही म्हणता येत नाही. तो स्वतःच्या बैलाच्या तोंडचा कडबा काढून देईल. म्हणून ते मुद्दाम टाळतात. परक्याकडे जायला लाज नाही. तो परवडलं तर घेईल, नाहीतर हाकलेल."

मामांनी गंजीवरून नजर का काढून घेतली ते मला त्या क्षणी दिसलं. सरांनाही दिसलं असणार. त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "लई चांगलंय. पन हे तू नंतर म्हनतोस."

"नंतर म्हटलं तर काय झालं?" इतिहासाचे सर एकदम उसळले. एरवी सर्वांत शांत माणूस. "अहो, आमचा विषयच नंतरचा आहे! घडून गेल्यावरच माणूस शहाणा होतो. आधी सांगायचं म्हटलं तर इतिहासाला कुलूप लावावं लागेल."

मराठीचे सर म्हणाले, "कथा वाचल्यावरच कळते ना? वाचायच्या आधी कळली तर ती कथा कसली? तुम्हीच मला शिकवलंत हे."

मीही बोलले. "सर, तुम्ही आमचे नियम लावताय. आम्ही स्वतः ते पाळत नाही. आकडा सुटला की आम्ही सूत्रात आणखी एक अक्षर घालतो आणि पुढे जातो."

सर सगळ्यांचं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मामा आले असते तर मी म्हनलो असतो, नातं हाय म्हनून आले. आले न्हाईत, तर म्हनायचं, नातं हाय म्हनून न्हाई आले. मग मी हरायचं कधी? ज्याला हरताच येत न्हाई तो सिद्धांत न्हाई, ती श्रद्धा हाय. श्रद्धेला पीएच.डी. कशाला पायजे?"

यावर उत्तर नव्हतं. अजूनही मला ते सापडलेलं नाही. पण उत्तर नसणं आणि पटणं यात फरक आहे. मला वाटतं ते चुकले. कुणाचंही काही न मानणारा हा माणूस एका नियमापुढे मात्र पोरासारखा आज्ञाधारक निघाला. थोडी लबाडी, थोडी सैल बुद्धी, आमच्यात असते तेवढी, त्यांच्यात हवी होती. प्रबंधात शेवटी एक प्रकरण वाढवून सगळं खरंखरं लिहिता आलं असतं: मी हे म्हटलं होतं, ते हरलं, आता असं वाटतं. ते जिल्ह्यातलं सर्वांत चांगलं समाजशास्त्र झालं असतं. आमच्या सगळ्यांचे प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात आहेत. जो वाचायला हवा होता तो तिथे नाही.

मुदत टळली. सर लेक्चरर म्हणून राहिले ते राहिलेच. त्या विद्यार्थ्याचं म्हणणं मात्र त्यांनी सोडलं नाही. उन्हाळ्यात त्यांनी फळ्यावर नवा अंदाज लिहिला: "पुढच्या दुष्काळात जुन्या घरानं मुद्दाम निरोप पाठवून बोलावलं, तरी कळप तिथं वळणार नाहीत." निरोपाची अट त्यांनी स्वतःहून घातली, कारण बोलावूनही आले नाहीत तरच ते टाळणं म्हणता येईल. आणि शिपायाला सांगितलं, हे पुसायचं नाही. आता फक्त पुन्हा एकदा दुष्काळ पडायला हवा होता.

आणि तो पडेना.

बीड जिल्ह्यात दुष्काळ पडेना! जिथे लोक आभाळाकडे बघत म्हातारे होतात तिथे लागोपाठ चांगली वर्षं येत गेली. मांजरा नदी दुथडी वाहायची. सगळं गाव खुशीत, आणि आमचे सर खिडकीत उभे राहून पावसाकडे असं बघायचे की मला हसावं की रडावं कळायचं नाही. ते शेतकऱ्याच्या पोटचे होते. पाऊस पडू नये असं त्यांना वाटत होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण पाऊस पडला की त्यांना धड आनंदही होत नव्हता, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटायची. काकू एकदा माझ्यासमोर त्यांच्यावर कडाडल्या, "समद्या गावाच्या हिरीला पानी आलंय आन तुमचं तोंड कावून पडलंय हो?" पुढे पुढे सरांनी आभाळाचे अंदाज करणं बंद केलं. मग चहाचेही. मी एकदा कप पुढे करून विचारलं, "आज साखर कशी?" ते म्हणाले, "असंल काहीतरी," आणि पिऊन टाकला.

निवृत्तीच्या दिवशी फळ्यावर तो अंदाज तसाच होता. खडूची अक्षरं फिकी झाली की ते स्वतः पुन्हा गिरवायचे. त्यांच्यानंतर त्या खोलीत परीक्षा विभाग आला आणि फळा कुठे गेला ते कळलं नाही. पुढच्या काही वर्षांत सरांना विसर पडायला लागला. आधी छत्री विसरायचे, मग बसथांबा, मग माणसं. काकू फोनवर सांगायच्या, "तब्येत खुटखुटीत हाय, पन घरात असून घरात न्हाईत."

आणि मग परवाच्या वर्षी पाऊस गेला. ज्याची एका माणसाने एवढी वाट पाहिली तो दुष्काळ आला. कसा असतो तो मी सांगत बसत नाही, आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर त्या विद्यार्थ्याचा मला फोन आला. तो आता दुसऱ्या कॉलेजात कायम झाला आहे. म्हणाला, "मॅडम, जायचं का?" कुठे, ते मी विचारलं नाही.

आम्ही वाटेवरच्या जुन्या घरांमधून हिंडलो. नांदूरघाटच्या अलीकडे एक शेतकरी भेटला, ओट्यावर बसून राहिलेला. म्हणाला, "पोराला धाडलंतं निरोप घेऊन. या म्हनलं, असंल ते वाटून खाऊ. कालच हितून गेले. राम राम घातला, पोरांची इचारपूस केली. थांबले न्हाईत." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं वाईट वाटणं होतं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. सरांचे मामा आता नाहीत. त्यांची सून आम्हाला पुढच्या एका परक्या रानात भेटली, वाघूर लावताना. म्हणजे कळपाभोवतीचं जाळं बांधताना. आम्ही सरांचं नाव सांगून विचारलं, "त्यांच्या रानात का नाही गेलात?" तिने जाळ्याची गाठ आवळली आणि म्हणाली, "असंच. जेवलाव का तुमी?" आम्ही जास्त विचारलं नाही.

परत येताना गाडी नेकनूरला वळवली. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. काकूंनी आमची ओळख करून दिली. त्यांनी नमस्कार केला, पण मला ओळखलेलं नव्हतं. मी समोर पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. नाव कुणाचंच घेतलं नाही. मेंढपाळ काय करतात, दुष्काळात काय होतं, एका माणसाने आधीच काय सांगून ठेवलं होतं, आणि आज आम्ही काय बघून आलो. मी सांगत गेले तसा तो चेहरा जागा होत गेला. ते पुढे झुकले. एकदा मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, "निरोप धाडला तरी न्हाई आले?" मी म्हटलं, "नाही आले." त्यांनी हळूच मांडीवर थाप मारली.

"वा," ते म्हणाले. "कुनी मांडलं हे?"

"तुम्हीच, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विद्यार्थ्याचं उत्तर चुकलं की बघायचे तसं, पण माया होती त्यात. "न्हाई, न्हाई. माझा हरला, बाई. समद्यांसमोर हरला."

तो विद्यार्थी उठून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. काकू दारात उभ्या होत्या. मला सरांना सांगायचं होतं, सर, हा तुमचाच आहे, तुम्ही जिंकलात, इतकी वर्षं थांबून जिंकलात. पण तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमी भेटाल ना त्यांना? ज्यांनी मांडलं?" ते म्हणाले. "तर सांगा त्यांना माझ्याकडून. लई चांगलं काम केलंय म्हनाव."

"सांगते," मी म्हटलं.